फ्रेममधली फ्रेम लहान-मोठी करताना: फोटो, अक्षरं आणि बॉर्डर एका मापात कशी ठेवायची

तेरवीच्या पत्रिकेचं काम नेहमी घाईचं. घरचे तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात आणि पत्रिका संध्याकाळीच हातात हवी असते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पोरं ती वाटायला निघणार असतात. काही वर्षांपूर्वी आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यातून एक तरुण आजीच्या तेरवीची पत्रिका करायला आला. आजीचा एकटीचा फोटो घरात नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून आम्ही दोघांनी मिळून तिचा चेहरा काढला, महिरपीच्या कमानीत बसवला, खाली नावाची पट्टी दिली. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, फोटो चांगला आला. पण हे जराशी लहान करून द्या न, पाकिटात बसली पायजे."

मी कमानीचा कोपरा धरून आत ओढला. कमान लहान झाली, पण आतला फोटो होता तेवढाच राहिला आणि त्याचा वरचा भाग कमानीखाली झाकला गेला. लाइट जायची वेळ झाली होती. प्रूफवर, म्हणजे छापण्याआधी तपासायला काढलेल्या प्रतीवर, मी फक्त नाव, तिथी आणि पत्ता तपासला. दोनशे पत्रिका छापून झाल्यावर त्यानं एक हातात घेतली आणि विचारलं, "आजीचा पदर कुठं गेला?" डोक्यावरचा पदर आणि अर्धं कपाळ कापलं गेलं होतं. रात्री बसून मी सगळ्या पत्रिका माझ्या खर्चानं पुन्हा छापून दिल्या. तेव्हापासून दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्याच आठवड्यात हे काम शिकवतो. ते इथं सविस्तर लिहितो. मुख्य उदाहरण इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरचं आहे, कारण पुस्तक, स्मरणिका, अंक ही कामं त्यातच चांगली होतात. कोरल आणि स्क्रायबस या दुसऱ्या दोन सॉफ्टवेअरबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आधी ओळखा, हातात काय आहे

इनडिझाइनमध्ये फोटो एकटा कधीच नसतो. फोटो ही एक वस्तू आणि तो ज्या फ्रेममध्ये बसलाय ती दुसरी. फ्रेम म्हणजे खिडकी आणि फोटो म्हणजे खिडकीपलीकडचं अंगण, असं मी पोरांना सांगतो. खिडकी लहान केली म्हणून अंगण लहान होत नाही, फक्त दिसतं कमी. कमानीच्या आत फोटोची फ्रेम आणि तिच्या आत फोटो असेल तर खिडकीत खिडकी झाली. ही एकात एक बसवलेली फ्रेम तयार होते ती "पेस्ट इन्टू" या आज्ञेनं: आतली वस्तू कट करायची, बाहेरची फ्रेम निवडायची आणि कंट्रोल+ऑल्ट+व्ही दाबायचं.

काळा बाण म्हणजे सिलेक्शन टूल, त्याची की व्ही. त्यानं एकदा क्लिक केलं की सगळ्यात बाहेरची फ्रेम निवडली जाते. पांढरा बाण म्हणजे डायरेक्ट सिलेक्शन टूल, की ए. तो आतल्या वस्तूला हात घालतो. इनडिझाइनच्या सीएस ५ आवृत्तीपासून फोटोवर काळा बाण नेला की मधोमध एक गोल कडं दिसतं. ते धरून ओढलं तर फ्रेम जागेवर राहते आणि आतला फोटो सरकतो. नवीन माणूस हे कडं चुकून धरतो आणि फोटो कुठच्या कुठे जातो. तसं झालं तर घाबरू नका, कंट्रोल+झेड दाबा.

फोटोवर दोनदा क्लिक केलं की एक पायरी आत जाता येतं, एस्केप दाबलं की एक पायरी बाहेर. तीन थर असले की नुसत्या क्लिकवर विसंबू नका. ऑब्जेक्ट मेन्यूत सिलेक्टखाली "कंटेनर" आणि "कंटेंट" असे दोन पर्याय आहेत आणि कंट्रोल पॅनेलवर, म्हणजे वरच्या पट्टीवर, त्यांची बटणंही असतात. कंटेनर दाबत दाबत सगळ्यात बाहेर जायचं. पुढे जायला जागाच उरली नाही की समजायचं, बाहेरची फ्रेम हातात आली. माझ्या मते अर्ध्या चुका इथंच होतात. माणसाला वाटतं कमान निवडली आहे, प्रत्यक्षात आतली फोटोची फ्रेम निवडलेली असते.

मग नुसतं ओढायचं की की दाबून ओढायचं

काही न दाबता कोपरा ओढला तर फक्त बाहेरची फ्रेम बदलते. आतलं काहीच हलत नाही. आजीच्या पत्रिकेत हेच झालं.

फक्त शिफ्ट दाबून ओढलं तर फ्रेमचं प्रमाण टिकतं, म्हणजे कमान चपटी होत नाही, पण आतला फोटो तरीही तेवढाच राहतो. कमान सुबक दिसते आणि काम बरोबर झाल्यासारखं वाटतं, म्हणून इथं जास्त माणसं फसतात.

फक्त कंट्रोल दाबून ओढलं तर आतलंही सोबत बदलतं, पण प्रमाण सुटतं. मग चेहरा लांबट होतो किंवा पसरतो.

कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबून कोपरा ओढला की बाहेरची फ्रेम, तिच्या आतली फ्रेम, फोटो आणि अक्षरं सगळं एका प्रमाणात बदलतं. हातात कायम बसवावी अशी हीच जोडी आहे. ओढून झालं की आधी माऊस सोडा, मग की सोडा. उलटं केलं तर शेवटच्या क्षणी प्रमाण सुटतं आणि ते बघूनही पटकन लक्षात येत नाही.

ग्रुप केलेल्या वस्तूंनाही हेच लागू. कमान, फोटो आणि नावाची पट्टी कंट्रोल+जीनं एकत्र बांधली आणि ग्रुपचा कोपरा नुसता ओढला, तर तिन्ही फ्रेम लहान होतात, पण फोटो आणि अक्षरं जुन्याच मापाची राहतात. ग्रुप केलं म्हणजे सगळं आपोआप सोबत बदलेल, हा समज काढून टाका.

अंदाजानं नको, आकड्यानं करा

ओढणं हे घरच्या कामापुरतं ठीक. छापायला जाणारं काम टक्क्यानं करावं, कारण तसं केलं तरच दुसऱ्या पानावरचा फोटोही नेमका तेवढाच होतो.

एक उदाहरण घेऊ. ३० एप्रिल हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्मदिवस. १९०९ साली यावलीला त्यांचा जन्म झाला, आणि हा दिवस आमच्या भागात ग्रामजयंती म्हणून साजरा होतो. महाराजांचा आश्रम असलेलं गुरुकुंज मोझरी इथून जवळ, त्यामुळे भजन मंडळांच्या स्मरणिकांचं काम आमच्याकडे असतंच. समजा अशा एका स्मरणिकेत मंडळाच्या जुन्या भजनीबुवांचं पान आहे. कमानीची फ्रेम १२० मिलिमीटर रुंद, १६० उंच. बॉर्डर २ पॉइंटची. आत फोटो, त्याखाली नावाची पट्टी आणि नाव १६ पॉइंटात. मंडळाचे अध्यक्ष येतात आणि सांगतात, "याच पानावर बाजूला दोन ओळी घ्या बावाजीच्या खंजरीबद्दल, फोटो थोडा लहान करा." जागा मोजली तर कमानीला ९० मिलिमीटर रुंदी मिळते.

९० भागिले १२०, म्हणजे ०.७५. सगळं ७५ टक्क्यांवर आणायचं. उंची आपोआप १२० होईल.

पहिली पायरी: काळ्या बाणानं बाहेरची कमान निवडा. कंटेनर बटण दाबून ती खरंच बाहेरची आहे याची खात्री करा.

दुसरी: कंट्रोल पॅनेलच्या डाव्या टोकाला नऊ ठिपक्यांचा छोटा चौकोन आहे. लहान करताना जो ठिपका निवडाल तो जागेवर राहील आणि बाकी सगळं त्याच्याकडे सरकेल. कमान पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात राहायला हवी असेल तर डावा वरचा ठिपका निवडा. हे विसरलात तर माप बरोबर येतं, पण वस्तू ठरलेल्या कोपऱ्यातून सरकते आणि मग ती हातानं जागेवर नेण्यात मिलिमीटर दोन मिलिमीटर चुकतात.

तिसरी: पॅनेलवर डब्ल्यू आणि एच हे रुंदी-उंचीचे खाने आहेत, आणि त्यांच्या शेजारी टक्क्यांचे दोन खाने. डब्ल्यू-एचमध्ये ९० टाकू नका. ते फक्त फ्रेम बदलतात. टक्क्यांच्या खान्यांमधली साखळी जोडलेली असू द्या, वरच्या खान्यात ७५ टाका आणि एंटर दाबा. कमान, आतली फ्रेम, फोटो, नाव सगळं एकत्र खाली येतं. गणित करायचं नसेल तर टक्क्यांच्या त्याच खान्यात एककासकट ९० मिलिमीटर लिहिलं तरी चालतं, टक्का तो स्वतःच काढतो.

एंटर दाबल्यावर टक्क्यांचा खाना परत १०० दाखवतो. कामच झालं नाही असं वाटून पोरं पुन्हा ७५ टाकतात आणि कमान ५६ टक्क्यांवर जाते. खाना १०० दाखवतो कारण फ्रेमचं नवीन माप हेच तिचं मूळ माप म्हणून धरलं जातं. फोटोचा खरा टक्का बघायचा असेल तर पांढऱ्या बाणानं फोटो निवडा, तेव्हा तो दिसेल.

बॉर्डर आणि अक्षर, दोन ठिकाणी सेटिंग

प्रेफरन्सेसमध्ये जनरलखाली "व्हेन स्केलिंग" असा भाग आहे. त्यात "अप्लाय टू कंटेंट" निवडलेलं ठेवा. मग १६ पॉइंटचं नाव ७५ टक्क्यांवर सरळ १२ पॉइंट होतं आणि पॅनेलवरही १२ दिसतं. दुसरा पर्याय "अॅडजस्ट स्केलिंग पर्सेंटेज" घेतला तर पॅनेल मूळ आकडा दाखवतं आणि खरा आकडा त्याच्या शेजारी कंसात येतो. दोन माणसं एकाच फाइलवर काम करत असतील तर यातून गोंधळ होतो. म्हणून मी हा पर्याय वापरत नाही.

बॉर्डरचं वेगळं. कंट्रोल पॅनेलच्या उजव्या टोकाच्या मेन्यूत "अॅडजस्ट स्ट्रोक वेट व्हेन स्केलिंग" आहे. त्यावर खूण असेल तर २ पॉइंटची बॉर्डर दीड पॉइंट होते, नसेल तर दोनच राहते. कमानीवर मोराची किंवा वेलीची नक्षी रेषांनी काढलेली असेल तर खूण हवीच. नाही तर लहान कमानीत रेषा एकमेकींना चिकटतात आणि नक्षीचा डाग होतो. उलट, पानावरच्या सगळ्या साध्या चौकटींची रेषा एकाच जाडीची ठेवायची असेल तर खूण काढा. हे माणसानं ठरवायचं, सॉफ्टवेअरनं नव्हे.

अक्षर लहान झालं की पॅराग्राफ स्टाइलच्या, म्हणजे मजकुराच्या जतन केलेल्या सेटिंगच्या, नावापुढे अधिकचं चिन्ह येतं, कारण स्टाइलमध्ये १६ आहे आणि प्रत्यक्षात १२. ते चिन्ह बघून कुणीतरी ओव्हरराइड, म्हणजे स्टाइलवर केलेला बदल, काढून टाकतं, नाव पुन्हा १६ होतं, पट्टीत मावत नाही आणि फ्रेमच्या कोपऱ्यात लाल अधिक दिसायला लागतं. म्हणून लहान केल्यावर लगेच १२ पॉइंटची वेगळी स्टाइल बनवा, "फोटोखालील नाव" असं काहीतरी नाव द्या आणि ती लावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण शेवटच्या रात्रीचा ताप वाचतो.

मराठी मजकुरासाठी आणखी एक. पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला असावा, नाही तर युनिकोड मराठीत जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. लहान करण्याचा यात काही दोष नसतो, पण तुटलेलं "र्‍या" माणसाला लहान केल्यावरच दिसतं आणि मग तो भलतीकडे कारण शोधत बसतो.

आणि अक्षर किती लहान करायचं याला मर्यादा आहे. इंग्रजीत आठ पॉइंट वाचता येतं, मराठीत तेवढं वाचवत नाही, कारण आपल्या अक्षरावर रफार, अनुस्वार, वेलांटी असते आणि खाली उकार. "कुटुंबीय" हा शब्द आठ पॉइंटात साध्या कागदावर छापून बघा: अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि उकाराची पोकळी शाईनं भरते. तेरवीच्या किंवा लग्नाच्या पत्रिकेतला मजकूर मी दहाच्या खाली नेत नाही. ती पत्रिका वाचणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात. त्यांना नातवाकडून वाचून घ्यावी लागू नये. जागा कमी पडली तर अक्षर लहान करण्यापेक्षा नावं दोन रांगांत घ्या, किंवा घरच्यांना सरळ सांगा की पाकीट मोठं घेऊ.

फोटो मोठा करताना

लहान करताना फोटोचं नुकसान होत नाही. मोठं करताना होतं. लिंक्स पॅनेलमध्ये फोटो निवडला की खाली "अॅक्च्युअल" आणि "इफेक्टिव्ह" असे दोन पीपीआय (एका इंचात किती पिक्सेल ते) दिसतात. बघायचा तो इफेक्टिव्ह. ३०० पीपीआयचा फोटो २०० टक्के केला की तो १५० उरतो. आपल्या कमानीतला २४० चा फोटो ७५ टक्क्यांवर ३२० होतो, म्हणजे उलट चांगलाच.

खेड्यातून येणारा फोटो बहुतेक व्हॉट्सअॅपवरच येतो आणि व्हॉट्सअॅप तो दाबून पाठवतं. घरच्यांना सांगा की तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १२०० पिक्सेल रुंद फोटो ३०० पीपीआयला दहा सेंटिमीटरपर्यंत नीट छापतो. म्हणजे पत्रिकेला पुरतो, पूर्ण पानाला पुरत नाही. भिंतीवरच्या जुन्या फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो आला, तर मी सरळ म्हणतो, "फ्रेम उतरवून घेऊन या, काच काढून स्कॅन करून देतो." घरचे कुरकुरतात, पण आणतात.

पूर्ण पान ए४ वरून ए५ वर

ए४ चं पान २१० बाय २९७, ए५ चं १४८ बाय २१०. २१० भागिले २९७ केलं तर ७०.७ टक्के येतात, १४८ भागिले २१० केलं तर ७०.५. दोन्हींत लहान आकडा घ्यायचा, म्हणजे काहीच कडेच्या बाहेर जात नाही. हाच नियम कुठल्याही मापाला चालतो: रुंदीचा आणि उंचीचा टक्का वेगवेगळा काढा, लहान तो वापरा.

पत्रिका व्हॉट्सअॅप स्टेटससाठी हवी असेल तर १०८० बाय १९२० लागतं आणि ते प्रमाण पत्रिकेपेक्षा खूप उभट असतं. तिथं पत्रिका ओढून-ताणून बसवू नका. लहान टक्क्यावर बसवा आणि वर-खाली उरलेल्या जागेत रंग किंवा नक्षी वाढवा. लग्नाच्या हंगामात तुळशीच्या लग्नानंतर हे काम रोज येतं. नवरदेवाचा चेहरा ताणलेला आम्ही एकही जाऊ देत नाही.

फ्रेम बदलली की फोटोही बदलावा, असं कायमचं करायचं असेल

कंट्रोल पॅनेलवर "ऑटो-फिट" अशी खूण आहे. ती लावलेल्या फ्रेममध्ये कुठलीही की न दाबता कोपरा ओढला तरी फोटो फ्रेमसोबत बदलतो. मंडळाच्या साठ सभासदांचे पासपोर्ट फोटो एका मापाच्या चौकोनांत लावायचे असतील तर हे वरदान आहे. फोटो टाकल्यावर कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+सी दाबलं की फ्रेम पूर्ण भरते आणि प्रमाण टिकतं, मात्र कडेचा भाग कापला जातो. कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+ईनं पूर्ण फोटो दिसतो, पण कडेला जागा उरू शकते. चेहऱ्याच्या फोटोला पहिला पर्याय लावून झाल्यावर एकेक फोटो डोळ्यांनी बघा. टोपी, फेटा, पदर कापला गेला नाही ना, हे सॉफ्टवेअर बघत नाही.

कोरल आणि स्क्रायबस

तालुक्यातली निम्मी दुकानं कोरलवर चालतात. तिथं फ्रेममधल्या वस्तूला पॉवरक्लिप म्हणतात आणि कोपऱ्याच्या ठिपक्यानं ओढलं की आतलं सोबत येतं. त्यामुळे इनडिझाइनसारखा घोळ होत नाही. पण बाजूचे ठिपके धरले की चेहरा ताणला जातो, म्हणून फक्त कोपरे धरा. बॉर्डरसाठी एफ१२ दाबून आउटलाइनच्या चौकटीत "स्केल विथ ऑब्जेक्ट"वर खूण करा. जुन्या आवृत्तीत ते "स्केल विथ इमेज" या नावानं आहे. ही खूण नसली की फ्लेक्सवर छान दिसणारी बॉर्डर व्हिजिटिंग कार्डावर भिंतीएवढी जाड होते. मजकूर पॅराग्राफ टेक्स्ट असेल तर त्याची चौकट ओढल्यावर अक्षर तेवढंच राहतं. ऑल्ट दाबून ओढा, किंवा कंट्रोल+एफ८ नं तो आर्टिस्टिक करून घ्या. अमरावतीला फ्लेक्सला पाठवण्याआधी कंट्रोल+क्यूनं कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांची आकृती करून टाका, पण मूळ फाइल वेगळी ठेवून. कर्व्ह केलेल्या नावातली शुद्धलेखनाची चूक नंतर सुधारता येत नाही.

स्क्रायबस फुकट आहे आणि शाळेच्या हस्तलिखिताला, ग्रामपंचायतीच्या अहवालाला पुरेसं आहे. मात्र १.६ किंवा त्यापुढचं घ्या, जुन्या १.४ मध्ये मराठी जोडाक्षरं नीट येत नाहीत. फोटोच्या फ्रेमला "स्केल टू फ्रेम साइझ" आणि सोबत "प्रपोर्शनल" लावा, मग फ्रेम लहान केली की फोटोही लहान होतो. ओढताना कंट्रोल दाबून ठेवलं की प्रमाण राहतं.

छपाईच्या प्लेटला जाण्याआधी

प्रिंट काढा. प्रिंटच्या खिडकीत "फिट टू पेज" लागलेलं नसावं, १०० टक्के असावं, नाही तर प्रूफ वेगळ्या मापाचं निघतं आणि तुम्ही भलतंच तपासत बसता. पट्टीनं कमान मोजा: नव्वद म्हणजे नव्वद. मग नाव, तिथी, पत्ता. मग फोटो: कपाळ, पदर, टोपी, हनुवटी, कान, सगळं चौकटीच्या आत आहे का. आणि तेच प्रूफ घरच्यांच्या हातात द्या. त्यांना पत्ता वाचायला सांगू नका, तो तुम्ही वाचलेला आहे. त्यांना फक्त एवढं विचारा, "आजी बरोबर दिसते का?"